सारखं म्हणजे नेमकं काय? : चोरीला गेलेल्या एका धुनेच्या निमित्ताने



मागच्या पावसाळ्यात एका रात्री साडेअकराला मित्राचा फोन आला. हा मूळचा मिरजेचा, तंबोऱ्यांच्या गावचा. पीएचडी केमिस्ट्रीत करतो, पण संध्याकाळी होस्टेलच्या गच्चीवर बासरी वाजवत बसतो. वर्षभरापूर्वी त्याने स्वतः बांधलेली तीन मिनिटं चाळीस सेकंदांची एक धून रेकॉर्ड करून गाणी शेअर करण्याच्या एका साइटवर टाकली होती. शे-दोनशे लोकांनी ऐकली, आम्ही सगळ्यांनी वाहवा केली, विषय तिथंच संपला.

आता फोनवर तो जवळजवळ ओरडतच होता. "अगं, तू दिवसभर सिग्नल प्रोसेसिंग करतेस ना? मग एवढंच सांग, माझी धून लोकांनी ढापली हे त्या साइटला कळत कसं नाही? आणि उलट चोर मलाच का ठरवलं?"

प्रकार असा होता. त्याच्या धुनेच्या तीन नकला फिरत होत्या. पहिलीला आपण 'क' म्हणू. ही त्याचीच फाइल, डाउनलोड करून दुसऱ्याच नावाने परत चढवलेली. 'ख' म्हणजे तेच रेकॉर्डिंग थोडं वेगात चालवून त्यावर पावसाचा आवाज टाकलेला. 'ग' म्हणजे कोणीतरी तीच धून की-बोर्डवर स्वतः वाजवलेली. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे 'क' वाल्याने ती फाइल एका वितरकामार्फत स्वतःची म्हणून नोंदवली होती. त्यामुळे मित्राची मूळ धूनच 'कॉपीराइटचा भंग' म्हणून बंद झाली.

त्या रात्री मला नीट उत्तर देता आलं नाही. नंतर शोधत गेले तेव्हा कळलं की हा प्रश्न आपल्या, म्हणजे संशोधन करणाऱ्यांच्या, फार जवळचा आहे. म्हणून हा लेख. यात थोडं गणित आहे, थोडा कायदा आहे. घाबरू नका, दोन्ही बारावीच्या पातळीवरचंच आहे.

पहिला प्रश्न : फाइल तीच आहे का?

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे फाइलचा हॅश काढणं. एसएचए-२५६ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. फाइल कितीही मोठी असो, त्यातून २५६ बिटांचा एक आकडा निघतो. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी हा आकडा पूर्ण बदलतो. दोन आकडे जुळले तर फाइल तीच, असं बिनधास्त म्हणता येतं.

पण गाण्यासाठी हा उपाय कुचकामी. वेव्ह फाइलची एमपी३ केली, सुरुवातीची अर्धी सेकंद कापली, आवाज जरासा वाढवला, की कानाला गाणं तेच आणि हॅश मात्र वेगळा. म्हणजे हॅश विचारतो, "बिट तेच आहेत का?" आणि आपल्याला विचारायचंय, "ऐकू येतं ते तेच आहे का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

दुसरा प्रश्न : रेकॉर्डिंग तेच आहे का?

इथे येतं ऑडिओ फिंगरप्रिंटिंग, म्हणजे आवाजाचा अंगठ्याचा ठसा. यातली सगळ्यात प्रसिद्ध पद्धत एव्हरी वँग यांनी २००३ मध्ये एका शोधनिबंधात मांडली. शाझम ज्यावर उभं राहिलं तीच ही. निबंध छोटा आणि वाचनीय आहे. शोधनिबंध वाचायची सवय लावून घ्यायची असेल तर सुरुवात त्यापासून करा, असं मी ज्युनियर्सना नेहमी सांगते.

पायऱ्या अशा :

१. आवाजाचे छोटे तुकडे पाडायचे. सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. समजा ४,०९६ नमुन्यांचा एक तुकडा घेतला, तर तो साधारण ९३ मिलिसेकंदांचा झाला. त्याचं फूरिए रूपांतर केलं की त्या क्षणी कोणत्या वारंवारता किती जोरात आहेत ते कळतं, साधारण १०.८ हर्ट्झच्या बारकाव्याने. तुकडा मोठा घेतला तर स्वर जास्त अचूक कळतो, पण वेळ धूसर होते. तुकडा छोटा घेतला तर उलट. दोन्ही एकदम मिळत नाही.

२. असे सगळे तुकडे शेजारी शेजारी मांडले की चित्र तयार होतं. आडवी वेळ, उभी वारंवारता आणि रंग म्हणजे जोर. हाच स्पेक्ट्रोग्राम.

३. या चित्रातली फक्त शिखरं ठेवायची, म्हणजे आजूबाजूपेक्षा ठळक असलेले बिंदू. बाकी सगळं पुसून टाकायचं. उरतं ते रात्रीच्या आकाशासारखं दिसतं, म्हणून या नकाशाला नक्षत्रनकाशा म्हणतात. युक्ती अशी की गोंगाट आला, एमपी३ केली, तरी ठळक शिखरं सहसा टिकतात.

४. एकटं शिखर फारसं काही सांगत नाही. वारंवारतेला १० बिट दिले तर फक्त १,०२४ शक्यता, आणि तेवढ्या प्रत्येक गाण्यात सापडतील. म्हणून शिखरांच्या जोड्या लावायच्या. पहिल्याची वारंवारता, दुसऱ्याची वारंवारता आणि दोघांमधलं वेळेचं अंतर, प्रत्येकी १० बिट. झाले ३० बिट, म्हणजे सुमारे १०७ कोटी शक्यता. एकट्या शिखरापेक्षा दहा लाख पटींनी नेमकी खूण.

५. मूळ गाण्यातली खूण आणि तपासायच्या गाण्यातली खूण जुळली की दोन्हीकडच्या वेळांची वजाबाकी करायची. योगायोगाने जुळलेल्या खुणांच्या वजाबाक्या वाटेल तशा विखुरतात. गाणं खरंच तेच असेल तर शेकडो खुणांची वजाबाकी एकच येते, आणि आलेखात एक उंच खांब उभा राहतो.

आता एक अंदाज करून बघू. आकडे मी उदाहरणासाठी धरलेत. दहा सेकंदांच्या तुकड्यात २०० शिखरं आहेत, प्रत्येकाच्या १० जोड्या, म्हणजे २,००० खुणा. गोंगाटामुळे शिखरांपैकी फक्त ३० टक्के टिकली. जोडी टिकायला दोन्ही शिखरं टिकायला हवीत, म्हणजे ०.३ गुणिले ०.३, अर्थात ९ टक्के. तरी १८० खुणा एकाच वजाबाकीवर येऊन उभ्या राहतात. निम्म्याहून जास्त माहिती गेली तरी ओळख पटते, ती अशी.

मग 'क' सापडायला काहीच अडचण नव्हती. तरी तो सापडला का नाही? कारण साधं आहे. ठसे जुळवायला आधी कोणाचा तरी ठसा नोंदवलेला लागतो. मित्राने धून नुसती अपलोड केली होती, ठशांच्या यादीत नोंदवली नव्हती. बऱ्याच व्यवस्थांमध्ये ही नोंद मोठ्या कंपन्या किंवा वितरकांमार्फतच होते. 'क' वाल्याने ती केली. यंत्राने दोन्ही रेकॉर्डिंग्ज तपासली, ती तंतोतंत जुळली, आणि ज्याची नोंद नव्हती त्याला बाहेर काढलं. यंत्राला सारखेपणा कळतो. आधी कोण, हे कळत नाही. तो त्याचा प्रश्नच नव्हता.

'ख' कसा निसटतो?

रेकॉर्डिंग ६ टक्के वेगात चालवलं की स्वर साधारण एका श्रुतीभेदाने नाही, तर चक्क एका अर्ध्या स्वराने, म्हणजे हार्मोनियमच्या एका पट्टीने वर जातो. ४४० हर्ट्झचा स्वर होतो सुमारे ४६६ चा. दोन शिखरांमधलं एक सेकंदाचं अंतर होतं ०.९४ सेकंद. म्हणजे आपल्या खुणेतले तिन्ही आकडे बदलले. एकही खूण जुळत नाही. पावसाच्या आवाजाची त्याला गरजसुद्धा नव्हती.

उपाय आहे. ४४० आणि ६६० यांचं गुणोत्तर १.५. वेग वाढवल्यावर दोन्ही वाढतात, पण गुणोत्तर १.५ च राहतं. म्हणून नंतरच्या काही पद्धती तीन किंवा चार शिखरांचे गट घेतात आणि त्यांच्यातल्या अंतरांची नुसती गुणोत्तरं साठवतात. भौतिकशास्त्रवाल्यांना हे ओळखीचं वाटेल : आधी ठरवायचं की कोणता बदल झाला तरी वस्तू 'तीच' मानायची, आणि मग त्या बदलात न हलणारी राशी शोधायची.

तिसरा प्रश्न : धून तीच आहे का?

'ग' मध्ये मित्राच्या रेकॉर्डिंगचा एक कणही नाही. वाद्य वेगळं, वाजवणारा वेगळा. इथे नक्षत्रनकाशा बिचारा काय करणार?

यासाठी दुसरं तंत्र वापरतात. सगळ्या सप्तकांमधली ऊर्जा बारा स्वरांच्या बारा खणांत गोळा करायची. याला क्रोमा म्हणतात. पट्टी बदलली तर खण गोल फिरवून बघायचे. लय बदलली तर वेळेचा अक्ष हवा तसा ताणून किंवा आकसून जुळवायचा.

पण आपल्या संगीतात दोन अडचणी येतात. पहिली मींडेची : बासरीचा स्वर एका खणातून दुसऱ्यात उडी मारत नाही, घसरत जातो. दुसरी रागाची. यमनमधल्या दोन पूर्ण वेगळ्या बंदिशी घ्या. दोन्हींत तीव्र मध्यम, दोन्हींत 'नि रे ग' ची तीच वळणं. यंत्र म्हणेल, बरंच सारखं आहे! अरे, सारखं असणारच, राग एकच आहे. राग कोणाच्या मालकीचा नसतो, बंदिश असू शकते. पाश्चात्त्य संगीतासाठी बनलेली साधनं जशीच्या तशी लावता येत नाहीत म्हणूनच बार्सिलोनातून चाललेल्या कॉम्पम्युझिक प्रकल्पात हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीतावर वेगळं काम झालं. त्यात आयआयटी मुंबई आणि आयआयटी मद्रासचे संशोधकही होते. विषय शोधत असाल तर इथे अजून भरपूर जागा आहे.

९९ टक्के अचूक म्हणजे किती चुकीचं?

"मग उंबरठा सैल ठेवा ना, सगळेच पकडले जातील," असं मित्र म्हणाला. हिशेब करू. आकडे पुन्हा उदाहरणापुरते.

दिवसाला १,००,००० फाइली येतात, त्यात ५०० नकला. यंत्र ९९ टक्के नकला पकडतं, आणि प्रामाणिक फाइलींपैकी फक्त १ टक्का फाइलींवर चुकून बोट ठेवतं. ऐकायला उत्तम. नकला पकडल्या ४९५. प्रामाणिक ९९,५०० पैकी १ टक्का म्हणजे ९९५. एकूण १,४९० जणांना नोटीस गेली, त्यातले ९९५ निर्दोष. म्हणजे दर तीनपैकी दोन नोटिसा चुकीच्या! नकला मुळातच दुर्मिळ असल्या की हे असंच होतं. रोगनिदानाच्या चाचण्यांतही हेच गणित असतं.

म्हणून उंबरठा फार कडक ठेवावा लागतो. फिलिप्सच्या हाइत्स्मा आणि काल्कर यांच्या २००२ च्या पद्धतीत साधारण ३ सेकंदांच्या आवाजातून ८,१९२ बिट निघतात. दोन असंबद्ध गाण्यांत सरासरी निम्मे बिट वेगळे असतात. वेगळे बिट ३५ टक्क्यांपेक्षा कमी असले तरच गाणं तेच मानतात. इथे एक सापळा आहे. प्रत्येक बिट स्वतंत्र आहे असं धरलं तर चुकीची शक्यता अगदी नगण्य निघते. पण लागोपाठचे तुकडे एकमेकांवर ३२ पैकी ३१ भाग चढलेले असतात, म्हणजे बिट स्वतंत्र नाहीतच. लेखकांनी हे मान्य करून प्रत्यक्ष मोजलेला विखार वापरला. व्हायव्हात "हे नमुने स्वतंत्र आहेत का?" हा प्रश्न येतोच. तो स्वतःला आधी विचारा.

आणि एवढं करूनही चुका होतात. एका ऑस्ट्रेलियन संगीततंत्रज्ञाने यूट्यूबवर दहा तासांचा नुसता पांढरा गोंगाट टाकला होता. २०१८ मध्ये त्यावर कॉपीराइटचे पाच दावे आल्याची बातमी झाली. खरखरीवर पाच मालक!

कायदा काय म्हणतो?

मी वकील नाही, पण एवढं माहीत असायला हवं.

भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे. हक्क निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी केली तर ती कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा म्हणून उपयोगी पडते. कल्पनेवर हक्क नसतो, तिच्या मांडणीवर असतो. हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे संगीतरचना, गीताचे शब्द आणि ध्वनिमुद्रण हे तीन वेगळे हक्क आहेत. रचनेचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं, ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर ६० वर्षं. आता आपल्या नकलांकडे बघा. 'क' आणि 'ख' मध्ये ध्वनिमुद्रण आणि रचना दोन्ही चोरली. 'ग' मध्ये ध्वनिमुद्रणाला हात लागला नाही, प्रश्न फक्त रचनेचा. म्हणजे कायद्यातली विभागणी आणि आपले दुसरा-तिसरा प्रश्न अगदी एकमेकांवर बसतात.

साइटची जबाबदारी किती? सुपर कॅसेट्स विरुद्ध मायस्पेस या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१६ मध्ये सांगितलं की साइटला सर्वसाधारण शंका असणं पुरेसं नाही, नेमकी कोणती फाइल ते तिला माहीत असायला हवं. म्हणून तक्रारीत "माझी गाणी चोरली" असं लिहून चालत नाही. प्रत्येक नकलेचा पत्ता, मूळ रचनेचा पत्ता, तुमचा हक्क कसा, हे सगळं द्यावं लागतं. २०१३ च्या नियमांनुसार लेखी तक्रार आल्यावर साइटने ३६ तासांत पावलं उचलायची आणि २१ दिवस ती फाइल बंद ठेवायची. त्या मुदतीत कोर्टाचा आदेश आला नाही तर ती परत सुरू होऊ शकते. साइट अमेरिकन असेल तर तिथला १९९८ चा डीएमसीए कायदा लागतो. त्यात ज्याची फाइल काढली त्याला प्रतिनोटीस देता येते.

मग अपलोड करण्याआधी काय करायचं?

- मूळ, न दाबलेली रेकॉर्डिंग्ज आणि प्रोजेक्ट फाइल जपून ठेवा. नक्कल करणाऱ्याकडे शेवटचं मिश्रण असतं, वेगवेगळे ट्रॅक आणि फसलेले टेक नसतात.
- त्या फाइलींचा एसएचए-२५६ हॅश काढून स्वतःला आणि एखाद्या विश्वासू व्यक्तीला ईमेल करा. हॅश स्वतः तारीख सांगत नाही, पण ईमेलला तारीख असते. ज्या हॅशला आपण मघाशी कुचकामी म्हटलं, तो इथे कामाला येतो. कारण आता प्रश्न "फाइल तीच आहे का?" हाच आहे.
- रचनेचं स्वरलेखन करून ठेवा. 'ग' सारख्या प्रकरणात तेच दाखवावं लागतं.
- ठशांच्या यादीत नोंद करता येत असेल तर इतर कोणी करण्याआधी करा.
- दुसऱ्याचा तयार लूप किंवा तंबोऱ्याचा ट्रॅक वापरला असेल तर त्याचा परवाना वाचा. तोच लूप शंभर जणांनी वापरलेला असतो आणि तुमच्या धुनेवर खोटा दावा तिथून येऊ शकतो.

शेवटी काय झालं?

मित्राकडे सुदैवाने लॅपटॉपवर सगळे ट्रॅक होते आणि धून बांधल्यावर त्याने गुरुजींना पाठवलेला ईमेल होता. त्यावर त्याने प्रतिनोटीस दिली. साधारण तीन आठवड्यांनी त्याची धून परत सुरू झाली आणि 'क' उतरवली गेली. 'ख' साठी आम्ही ती ६ टक्के हळू करून मूळ धुनेशेजारी ठेवून पाठवली. माणसाने ऐकल्यावर मिनिटभरात निकाल लागला. 'ग' अजून तिथंच आहे. वाजवणाऱ्याला मित्राने लिहिलं, उत्तर नाही. कोर्टात जाण्याइतका वेळ आणि पैसा पीएचडीच्या विद्यार्थ्याकडे कुठला?

आता आपल्याकडे येऊ. उद्या तुमचा प्रबंध साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जाणार आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ मानलंय, पुढे ४० आणि ६० टक्क्यांचे टप्पे आहेत. पण ते सॉफ्टवेअरही शब्द जुळवतं. कल्पना चोरून वाक्यं बदलली तर त्याला कळत नाही, आणि कार्यपद्धतीची ठरीव वाक्यं दिसली तर ते उगाच लाल रंगवतं. ४ टक्के आले म्हणून काम प्रामाणिक ठरत नाही, १४ आले म्हणून चोर ठरत नाही. आणि आधी कोण, हे तिथेही यंत्र सांगणार नाही. ते तुमची लॅबची वही सांगेल. म्हणून तारीख टाकून लिहा, पानं फाडू नका, कच्चा डेटा जपा.

आज रात्री एक प्रयोग करून बघा. क्रोमाप्रिंट नावाचं मुक्तस्रोत साधन मोफत मिळतं. फोनवर स्वतःच्या आवाजात दोन ओळी गुणगुणा, त्याची एमपी३ करा, मग वेग ६ टक्के वाढवा, मग तेच पुन्हा एकदा गाऊन नवं रेकॉर्ड करा. चारही फाइलींचे हॅश आणि ठसे काढून तक्ता बनवा. पण आधी, कागदावर, कोणते जुळतील याचा अंदाज तारखेसकट लिहून ठेवा.